दहावं गाणं

खोटं बोलायचं असं वीणानं ठरवलं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघालं, आणि त्याला कारण झाली सुखदा.

वीणा एक्कावन्न वर्षांची. गुरुग्रामच्या एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहते आणि शाळेतल्या मुलांना गाणं शिकवते. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या लोकांना ती एवढीच माहीत. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी दिल्लीत ‘हरी मिर्च’ नावाचा तीन मुलींचा पॉप ग्रुप होता. हिरवे चकचकीत कपडे, कानात बांगड्यांएवढ्या रिंगा आणि टीव्हीवर दिवसातून चारदा दिसणारी गाणी. त्यातली मधली, उंच, केस उडवणारी मुलगी म्हणजे वीणा. डावीकडची ठेंगणी सुखदा. दोघी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एकाच जिन्यात वाढलेल्या. तिसरी मोना, ती लग्न करून टोरंटोला गेली.

दोन हजार साली ग्रुप फुटला आणि पुढच्या वर्षी वीणानं एकटीचा अल्बम काढला, ‘अकेली भली’. नऊ हिंदी गाणी. त्या अल्बमचं असं पानिपत झालं, की कॅसेटची खोकी दुकानांतून न उघडता परत आली. वीणानं ती पलंगाखाली सारली आणि वरून चादर थोडी लांब सोडली.

यंदा जानेवारीत कुणीतरी त्या अल्बममधलं ‘खिसक ज़रा’ हे गाणं पोळ्या लाटतानाच्या रीलला लावलं. मग दुसऱ्या कुणी मेट्रोत सीट मागतानाच्या रीलला लावलं. महिन्याभरात अख्खी दिल्ली एकमेकांना ‘खिसक ज़रा’ म्हणू लागली. आणि एका शनिवारी सकाळी नोएडाहून अंशुमन नावाचा तिशीचा तरुण वीणाच्या सोफ्यावर येऊन बसला. तो जुने, विसरलेले अल्बम हुडकून त्यांच्या तबकड्या काढायचा. काळ्या, मोठ्या, आजोबांच्या काळातल्यासारख्या तबकड्या. आई नागपूरची असल्यानं त्याला मराठी यायचं, पण दर तिसऱ्या वाक्याला ते हिंदीत घसरायचं.

“मॅम, हे लॉस्ट क्लासिक आहे,” तो म्हणाला. “पाचशे तबकड्या काढू. बिल्कुल ओरिजिनल कव्हर. फक्त एक हवं. तेव्हा रेकॉर्ड केलेलं, पण अल्बममध्ये न आलेलं एखादं गाणं आहे का? कलेक्टर लोक त्याच्यावर मरतात.”

“नाही रे,” असं वीणा म्हणणारच होती. ओठ हललेसुद्धा होते.

तेवढ्यात अंशुमन पुढे म्हणाला, “मी सुखदा मॅमना पण फोन केला होता. पानिपतला असतात ना त्या. त्या म्हणाल्या, वीणाकडे काही उरलेलं असणं शक्यच नाही. तिच्याकडे जे होतं ते नऊ गाण्यांतच संपलं.”

वीणानं चहाचा कप खाली ठेवला. सुखदानं जे म्हटलं ते अंशुमननं सांगितलं होतं. जे म्हटलं नाही ते वीणाला एकटीला ऐकू आलं. त्या नऊ गाण्यांतलं ‘खिसक ज़रा’ वीणाचं नव्हतंच. त्याची चाल सुखदानं, शोसाठी जयपूरला जाताना, बसच्या शेवटच्या सीटवर बसून बांधली होती. अल्बमला एक गाणं कमी पडलं तेव्हा वीणानं ती उचलली आणि कॅसेटवर छापलं, ‘संगीत : वीणा’. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

“आहे,” वीणा म्हणाली.

“सच में?”

“एक मराठी गाणं. कंपनीनं गाळलं. म्हणाले, दिल्लीत मराठी कोण ऐकणार? कॅसेट आहे कुठेतरी. शोधून देते.”

अंशुमन गेला. स्वयंपाकघराच्या दारात वीणाचा नवरा जयंत उभा होता. जयंत जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. कागदाचा वास घेऊन त्याचं वय सांगणारा माणूस.

“कुठलं मराठी गाणं?” त्यानं विचारलं.

“जे आता करायचंय ते.”

जयंत तिच्याकडे बघत राहिला. वीणाला वाटलं, आता नीतिमत्तेवर व्याख्यान होणार. पण जयंतच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच रंग चढला होता. “पस्तीस वर्षं मी खरे कागद खोट्यांपासून वाचवले,” तो म्हणाला. “एकदा पलीकडून करून बघायची फार इच्छा होती.”

आणि माणूस कामाला लागला. माळ्यावरून जुना टेपडेक काढला. पलंगाखालच्या खोक्यांत कोऱ्या कॅसेटचा एक न फोडलेला पुडा सापडला, त्याच सालचा. कॅसेटबरोबरचं कार्ड पिवळं पडावं म्हणून त्यानं चहाच्या तीन छटा करून पाहिल्या आणि आसाम बाद करून दार्जिलिंग नक्की केला. गळ्याचाही इलाज त्याच्याकडे होता. गाणं जरा खालच्या सुरात, सावकाश गायचं आणि डेकचा वेग किंचित वाढवून उतरवायचं. पन्नाशीचा गळा पंचविशीचा होतो.

अडलं ते वेगळीकडेच. वीणाला चाल सुचेना. चार दिवस ती पेटी घेऊन बसली. जे सुचे ते एकतर शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटे, नाहीतर ‘खिसक ज़रा’सारखं. पाचव्या दिवशी तिनं पेटी बंद केली.

“पानिपतला जायला हवं,” ती म्हणाली.

“मराठी माणसानं हे वाक्य जपून बोलावं,” जयंत म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला गेला.

सुखदाच्या नवऱ्याचं नाव खंडेराव. पानिपतात त्याचा ब्लँकेटचा कारखाना होता. त्याचं घराणं अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचं, असं तो सांगायचा. नाव सोडलं तर मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. दारात वीणाला बघून तो मोठ्यानं म्हणाला, “आओ जी! हम सत्रह सौ इकसठ से बाट देख रहे हैं, आपने बड़ी देर कर दी!” आणि जयंतला कारखाना दाखवायला घेऊन गेला.

मागे दोघीच उरल्या. सुखदाचे केस पांढरे झाले होते आणि तिनं ते तसेच ठेवले होते. तेवढ्यावरूनसुद्धा वीणाला हरल्यासारखं वाटलं.

“तूप कमी खातेस वाटतं,” सुखदा म्हणाली.

“तू नाहीस खात कमी.”

“हरियाणात पाप लागतं.” सुखदानं ताकाचा ग्लास पुढे केला. “बोल. चोवीस वर्षांनी आलीस म्हणजे काम असणार.”

वीणानं वाटेत, मुरथलच्या ढाब्यावर पराठा खाताना, भाषण तयार केलं होतं. जुने दिवस, मैत्री, वय. त्यातलं काहीच आठवलं नाही. तिनं सरळ सांगून टाकलं, की मी थाप मारलीये, गाणं नाहीये, चाल सुचत नाहीये आणि हे सगळं तुझ्या त्या टोमण्यामुळे झालंय.

सुखदा ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हताच. नंतर ती अशी हसली, की अंगणातली कबुतरं उडाली.

“म्हणजे पुन्हा माझीच चाल हवी?”

वीणाचे कान तापले. “सुखदा, त्या गाण्याबद्दल...”

“नको,” सुखदानं हात वर केला. “आत्ता नको. आधी गाणं. गाळलेलं मराठी गाणं म्हणतेस ना? मग जरा वाह्यातच पाहिजे. सोज्ज्वळ असतं तर कशाला गाळलं असतं?”

अर्ध्या तासात तिनं चाल बांधली. शब्दही तिचेच. कागद मांडीवर ठेवून ती लिहीत होती आणि अधूनमधून एकटीच हसत होती. वीणाला वाटलं, गाणं जमतंय म्हणून हसतेय.

“सुटला पदर, सुटू दे गं,
खट्याळ वारा उठू दे गं,
दार कुणाचं मिटू दे गं,
चीड कुणाची फुटू दे गं,
चाल तुझी तू चाल गं,
लबाड पोरी, चाल गं.”

रेकॉर्डिंग झालं ते खंडेरावच्या गोदामात. छतापर्यंत ब्लँकेटच्या थप्प्या, मधे बोळाएवढी जागा. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि आत सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. जयंतनं डेक एका स्टुलावर ठेवला. खंडेरावनं कामगारांना जेवायला पाठवलं आणि स्वतः दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. वीणा गायली. कडव्याला सुखदानं खालून आवाज मिसळला, न विचारता, अगदी पूर्वी मिसळायची तसा. पहिल्याच खेपेला वीणाचा श्वास चुकला, दुसऱ्या खेपेला दोघी हसल्या, तिसऱ्या खेपेला गाणं पूर्ण झालं. मग सुखदा म्हणाली, “उकडतंय इथे,” आणि बाहेर गेली.

अंशुमननं कॅसेट ऐकली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “मॅम, हा आवाज आता कुठे मिळतो? ही इनोसन्स!” जयंत गंभीरपणे मान डोलवत होता. अंशुमनला पिवळं पडलेलं कार्ड आवडलंच, पण त्याहून आवडला जयंतनं जुन्या शाईत, वळणदार अक्षरात लिहून काढलेला, त्याच चहात पिवळा केलेला गाण्याचा कागद. तो जसाच्या तसा छापून प्रत्येक तबकडीबरोबर द्यायचं ठरलं.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी तबकड्यांचा पहिला गठ्ठा घरी आला. वीणा कव्हरवरचा आपला सत्ताविशीतला चेहरा न्याहाळत होती. जयंत छापील कागद बघत होता. जुने कागद वाचणाऱ्याची नजर आधी समासाकडे जाते. त्याचं बोट कागदाच्या डाव्या कडेनं वरून खाली आलं आणि थांबलं.

“वीणा,” तो म्हणाला, “ओळींची पहिली अक्षरं वाच. वरून खाली.”

वीणानं वाचली. सु. ख. दा. ची. चा. ल.

ती खुर्चीत बसली. पाचशे प्रती छापून तयार होत्या. जयंतनं तोंड फिरवलं, पण त्याची पाठ हसत होती.

“तू स्वतःच्या हातानं लिहिलंस ना हे?” वीणा ओरडली. “दार्जिलिंग चहात बुडवून!”

“आडवं लिहिलं होतं गं,” जयंत म्हणाला. “उभं आत्ता वाचलं.”

तिनं फोन लावला. “सुखदा, ही काय चाल आहे?”

“माझी आहे,” पलीकडून आवाज आला. “तेच तर लिहिलंय. उद्या येतेय मी. पुढची खुर्ची ठेव.”

वीणा आधी चिडली. मग भाजी चिरता चिरता तिला हसू आलं. मग हसू थांबलं आणि सुरीही थांबली. सुखदानं शब्दांत लपवून नाव घातलं होतं, कारण उघड छापायची वेळ होती तेव्हा वीणानं ते छापलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. उद्या पुढच्या खुर्चीत बसून सुखदा वाट बघणार, कुणाच्या तरी लक्षात येतंय का. तिच्या आधी आपणच सांगून टाकायचं, असं वीणानं ठरवलं. सगळं.

कार्यक्रम नोएडातल्या एका पुस्तकांच्या कॅफेत होता, रविवारी चार वाजता. शंभरेक माणसं आली. निम्मी पंचविशीतली, निम्मी पोटं सुटलेली. पहिल्या रांगेत सुखदा जांभळी साडी नेसून, हाताची घडी घालून बसली होती. शेजारी खंडेराव. पलीकडे प्रतीक बसला होता. हा वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारा, पांढऱ्या केसांची शेंडी बांधणारा गृहस्थ. दहावं गाणं वाजलं आणि लोकांनी ते पुन्हा लावायला लावलं.

मग वीणानं माइक घेतला. “मला काही सांगायचंय,” ती म्हणाली. “हे दहावं गाणं जुनं नाही. गेल्या महिन्यात केलंय. पानिपतला. ब्लँकेटच्या गोदामात.” तिनं तेच हिंदीतही सांगितलं.

आणि मग अख्खं कॅफे हसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“नाही, खरंच,” वीणा म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं कार्ड चहात बुडवलंय.”

आणखी हशा. जयंतनं उठून सगळ्यांना नमस्कार केला, त्यानं तर कहरच झाला.

प्रतीक शेंडी सावरत उभा राहिला. “वीणाजी की यही अदा है,” तो म्हणाला. “पण मॅडम, मला फसवू नका. हे गाणं मी निन्याण्णव साली ऐकलंय. नॉर्थ कॅम्पसला, कॉलेजच्या लॉनवर. तुम्ही तिघी होतात. थंडी होती. मी नाचलो होतो!”

“शक्यच नाही,” वीणा म्हणाली.

“तुम्ही लाल स्वेटर घातला होता.”

मागून एक बाई म्हणाली, “हां, मैं भी थी वहाँ!” आणि तिच्या मागचा माणूस ते गाणं आपल्या लग्नात वाजल्याचं शपथेवर सांगू लागला.

वीणानं हताश होऊन सुखदाकडे पाहिलं. “सुखदा, तू तरी सांग यांना.”

सुखदा सावकाश उठली. तिनं माइक घेतला, पदर सारखा केला आणि हिंदीत म्हणाली, “वीणाला लहानपणापासून थट्टेची सवय आहे. गाणं तेव्हाचंच. स्वेटर लाल नव्हता, मरून होता.”

प्रतीकनं विजयी मुद्रेनं मांडीवर थाप मारली.

वीणाला कळेना, हिला मिठी मारावी की चिमटा काढावा. सुखदानं तिची लाज वाचवली होती आणि त्याच दमात तिला कायमचं त्या खोट्याला बांधून ठेवलं होतं. तिनं माइक परत ओढून घेतला.

“बरं,” ती म्हणाली, “मग एक दुसरं ऐका, ते मात्र खरं आहे. ‘खिसक ज़रा’ची चाल माझी नाही. सुखदाची आहे. जयपूरच्या बसमध्ये केलेली. मी तिला न विचारता घेतली आणि वर माझं नाव छापलं. चोरी केली. आज तुम्ही सगळे जे गाणं गाताय ते हिचं आहे.”

यावर कुणी हसलं नाही. पण जे झालं ते वीणाच्या अपेक्षेबाहेरचं होतं. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. “क्या बड़प्पन है!” असं प्रतीक शेजारच्याला म्हणाला. वीणा माफी मागायला उभी राहिली होती आणि तिच्या पदरात मोठेपणा पडला होता. लोकांना काय सांगायचं ते सोडून देऊन तिनं एकट्या सुखदाकडे पाहिलं. सुखदा टाळ्या वाजवत नव्हती. ती खंडेरावच्या खिशातून रुमाल काढत होती.

नंतर समोसे चालू असताना अंशुमननं वीणाला पुस्तकांच्या कपाटाआड गाठलं. “मॅम, सच बताओ. ते गाणं खरंच नवीन आहे?”

“हो रे बाबा.”

“बिल्कुल नवीन?”

“बिल्कुल. पाहिजे तर खंडेरावांना विचार, ते दारावर उभे होते.”

अंशुमननं समोशाचा एक घास शांतपणे चावून गिळला. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, मग काळजी, मग भलताच उजेड. “म्हणजे,” तो म्हणाला, “तुम्ही दोघी अजून करू शकता?”

दुसऱ्या छपाईत ‘खिसक ज़रा’पुढे सुखदाचं नाव आलं. दहाव्या गाण्यापुढे ‘संगीत आणि शब्द : सुखदा, २०२५’ असं साल घालून छापलं, तर प्रतीकनं चूक दाखवणारं सविस्तर पत्र पाठवलं. टोरंटोहून मोनाचाही फोन आला. त्या गाण्यातल्या टाळ्या आपण वाजवल्या होत्या, आपलं नाव का नाही, म्हणून ती रुसली होती. तिला समजावण्यात काही अर्थ नव्हता. वीणानं तिची माफी मागितली आणि तिचंही नाव घालायचं कबूल केलं.

आता महिन्यातून दोन शनिवार वीणा पानिपतला जाते. खंडेरावनं गोदामाचा एक कोपरा रिकामा करून दिलाय. तिथे पेटी, दोन खुर्च्या आणि एक पंखा आहे. जयंतला कारखान्याच्या जुन्या वह्या सापडल्यात, तो त्यांचे वास घेत बसतो. नवीन गाणी अडीच झालीत. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातल्या एका ओळीवरून गेल्या शनिवारी दोघींचं अकरा वाजता वाजलं. ओळ खाली उतरावी असं वीणाचं म्हणणं, ती वर जावी असं सुखदाचं. जेवणं झाली, चहा झाला, जुनं सगळं निघालं. सरोजिनीनगरच्या जिन्यात कुणी कुणाची सायकल पाडली होती तेही निघालं. सहा वाजता जयंत गाडीची किल्ली वाजवत दाराशी आला. वीणानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“तू जा,” ती म्हणाली. “आमचं भांडण अजून संपलेलं नाही.”

सुखदानं थप्पीतून एक नवं ब्लँकेट ओढून तिच्या अंगावर फेकलं, आणि वीणा त्या दिवशी मुक्कामाला राहिली.